कुलुपाच्या जागी घड्याळ

थेराक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचारासाठी कॅनडात बनलेले यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा मिळून सहा रुग्णांना या यंत्राने ठरवून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणांचा मारा दिला आणि त्यांतले काही त्यामुळेच दगावले. टेक्सस राज्यातल्या टायलर येथे १९८६ मध्ये झालेल्या दोन अपघातांचे मूळ पुढे नेमके सापडले. हे यंत्र दोन प्रकारे चाले. एक प्रकार इलेक्ट्रॉनच्या सौम्य झोताचा. दुसरा, त्याहून सुमारे शंभरपट तीव्र झोत धातूच्या लक्ष्यावर आदळवून क्ष-किरण मिळवण्याचा. ऑपरेटरकडून चुकून क्ष-किरणांची नोंद झाली. चूक लगेच लक्षात आली, नोंद बदलून इलेक्ट्रॉनची केली गेली आणि काम पुढे सरकले. यंत्रातली चुंबके जुळायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेला बदल पडद्यावर दिसे, पण आज्ञावलीच्या एका भागाला तो कळतच नसे. मग झोत क्ष-किरणांच्या तीव्रतेचा आणि मांडणी इलेक्ट्रॉनची, असा घातक मेळ जमे. तोच बदल आठ सेकंदांनंतर केला तर सारे सुरळीत चाले. सावकाश टंकणाऱ्या नवख्या हाताला ही चूक भेटली नसती. सरावाने जलद झालेल्या हाताला ती भेटली. केंद्रातल्या भौतिकतज्ज्ञाने आणि ऑपरेटरने वेगाने नोंदी करण्याचा सराव केला, तेव्हा कुठे ती पुन्हा घडवून दाखवता आली.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र वेगळीच आहे. थेराक-२० या आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीतही हीच चूक होती, हे नंतर उघड झाले. तिथे तिने कुणाला इजा केली नाही, कारण त्या यंत्रात स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अटकाव होते. मांडणी आणि झोत जुळत नसतील तर फ्यूज उडे आणि यंत्र थांबे. थेराक-२५ मध्ये हे अटकाव काढून टाकण्यात आले आणि त्यांचे काम आज्ञावलीवर सोपवले गेले. आधी एक कुलूप होते. त्याच्या जागी ‘अमुक गोष्ट तमुक गोष्टीच्या आधी होईल’ हा भरवसा आला. विमानाची नियंत्रणे, मोटारीचे ब्रेक, रुग्णालयातले औषध सोडणारे पंप, रेल्वेची फाटके या सर्वांतून गेल्या चार-पाच दशकांत हेच स्थित्यंतर घडत आले आहे. इथे मांडायचे आहे ते एवढेच: ज्या यंत्रणेत कुलुपाची जागा वेळेने घेतली आहे, तिथे वेळेचीही कुलुपाइतकीच कसून तपासणी व्हायला हवी. ती तपासणी घड्याळ लावून केलेल्या चाचण्यांनी पुरी होत नाही. तिला सिद्धता लागते. अशा सिद्धतेला संगणकशास्त्रात औपचारिक पडताळणी म्हणतात, आणि वेळेची औपचारिक पडताळणी करण्याचे एक स्वच्छ, कागदावर रेखाटता येणारे साधन म्हणजे कालबद्ध पेट्री जाळे.

साध्या संगणकीय कामात उत्तर बरोबर आले की काम झाले. ते दोन सेकंद उशिरा आले तर माणूस वैतागतो, इतकेच. रिअल-टाइम यंत्रणेत उशिरा आलेले बरोबर उत्तर हेही चुकीचेच उत्तर असते. मोटारीची हवेची पिशवी टक्कर झाल्यावर अर्ध्या सेकंदाने फुगली तर तिचा उपयोग नाही. म्हणून रिअल-टाइमचा अर्थ ‘अतिशय वेगवान’ असा लावणे ही मोठी गफलत आहे. त्याचा अर्थ ‘मुदतीत, आणि मुदतीत येणारच अशा खात्रीने’ असा आहे. मुदत काही ठिकाणी मिलिसेकंदांची असेल, काही ठिकाणी मिनिटांची. सरासरी वेग वाढवून ही खात्री मिळत नाही, कारण सरासरी सुधारताना सर्वांत वाईट प्रसंग तसाच राहू शकतो, किंबहुना बिघडूही शकतो.

पेट्री जाळ्यांचा जनक कार्ल आडाम पेट्री. १९२६ साली लाइपझिगमध्ये जन्मलेल्या या जर्मन गणितज्ञाचा, यंत्रांमधल्या संवादाविषयीचा प्रबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या कल्पनेत दोनच प्रकारच्या आकृत्या आहेत. वर्तुळे ही स्थाने, म्हणजे एखादी स्थिती किंवा अट: ‘फाटक बंद आहे’, ‘गाडी जवळ येत आहे’. आडव्या-उभ्या पट्ट्या या घटना: ‘फाटक उघडू लागले’, ‘गाडी फाटकावर आली’. स्थानांकडून घटनांकडे आणि घटनांकडून स्थानांकडे बाण जातात. स्थानात टोकन असेल तर ती अट त्या क्षणी पूर्ण आहे. घटनेकडे येणाऱ्या सगळ्या स्थानांत टोकन असले की ती घटना घडू शकते. घडली की ती मागची टोकने उचलते आणि पुढच्या स्थानांत नवी ठेवते. एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी चालकाला पुढच्या स्थानकापर्यंत जाण्याचा परवाना म्हणून धातूचा गोळा दिला जाई, आणि त्यालाही टोकन म्हणत. मार्गावर गोळा एकच, म्हणून गाडीही एकच. पेट्री जाळ्यातले टोकन अगदी तेच काम करते. सामायिक वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, कोण वाट पाहत आहे, दोन कामे एकाच वेळी कुठे चालू शकतात आणि कुठे एकमेकांना अडवतात, हे सारे टोकनांच्या हालचालीत दिसते.

पेट्रीने या जाळ्यात घड्याळ ठेवले नाही, आणि ते विचारपूर्वक ठेवले नाही. संदेश प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जात नाही. मग कितीही मोठ्या होणाऱ्या यंत्राच्या सर्व भागांना एकच घड्याळ लागू करता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच्या जाळ्यात ‘कोणती घटना कोणत्या घटनेवर अवलंबून आहे’ एवढेच सांगितलेले असते. घटना कधी घडेल ते सांगितलेले नसते. अनेक प्रश्नांना एवढे पुरते. पण मुदतींचा प्रश्न आला की पुरत नाही, म्हणून पुढच्या पिढीने जाळ्यात वेळ आणली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआयटीतील प्रबंधात चंदर रामचंदानी यांनी प्रत्येक घटनेला ठरावीक कालावधी दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत फिलिप मर्लिन यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी प्रत्येक घटनेला दोन आकडे दिले, किमान आणि कमाल. घटना घडण्याजोगी झाली की तिचे घड्याळ सुरू होते. किमान वेळ सरण्याआधी ती घडू शकत नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्या घटनेने तिची अट काढून घेतली नाही, तर कमाल वेळ संपण्याआधी ती घडलीच पाहिजे. मर्लिन संदेशवहनातल्या बिघाडांचा अभ्यास करत होते. उत्तर आले नाही तर किती वेळाने संदेश पुन्हा पाठवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. पण त्यांची किमान-कमाल जोडी अभियंत्यांच्या बोलीशी तंतोतंत जुळली. ‘फाटक पडायला आठ ते बारा सेकंद लागतात’ असेच तर अभियंता बोलतो.

रेल्वेचे फाटक हे या क्षेत्रातले जुने आणि आवडते उदाहरण आहे. नॅन्सी लेव्हसन आणि जॅनिस स्टोल्झी यांनी १९८७ मध्ये पेट्री जाळ्यांनी सुरक्षिततेचे विश्लेषण कसे करावे हे दाखवताना हेच उदाहरण घेतले. (थेराक-२५च्या अपघातांचा पुढे सविस्तर शोध घेऊन १९९३ मध्ये तो क्लार्क टर्नर यांच्यासह मांडणाऱ्या त्याच या लेव्हसन.) आपणही एक फाटक मांडून पाहू, आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. फाटकापासून एक किलोमीटर अलीकडे रुळावर संवेदक आहे. गाडीचा वेग ताशी ६० ते ८० किलोमीटर, म्हणजे संवेदक ओलांडल्यावर ती ४५ ते ६० सेकंदांत फाटकावर पोहोचते, आणि फाटक ओलांडायला तिला १० ते २० सेकंद लागतात. नियंत्रक संगणक संकेत मिळाल्यापासून ० ते ५ सेकंदांत ‘बंद कर’ किंवा ‘उघड’ असा आदेश देतो. फाटक पडायला किंवा उठायला ८ ते १२ सेकंद लागतात. आकडे पुसून टाकले आणि नुसते पेट्रीचे मूळ जाळे पाहिले तर ही यंत्रणा सरळ असुरक्षित ठरते, कारण गाडी फाटकाच्या आधी पोहोचू शकणार नाही असे जाळ्यात कुठेच लिहिलेले नाही. आकडे परत लिहिले की सर्वांत वाईट प्रसंगी फाटक ५ आणि १२ मिळून १७ सेकंदांत बंद होते आणि गाडी लवकरात लवकर ४५व्या सेकंदाला येते. इथे सुरक्षितता कोणत्याही कडीकोयंड्यात नाही; ती केवळ १७ हा आकडा ४५ पेक्षा लहान असण्यात आहे.

आता मार्ग दुहेरी आहे असे धरू. पहिली गाडी शून्याव्या सेकंदाला संवेदक ओलांडते. दुसरी, समोरच्या रुळावरून, ४०व्या सेकंदाला. दुसरीसाठी आलेला ‘बंद कर’ आदेश निरुपयोगी ठरतो, कारण फाटक आधीच बंद आहे. पहिली गाडी ६५व्या सेकंदाला फाटक सोडते, नियंत्रक ‘उघड’ म्हणतो, आणि फाटक उशिरात उशिरा ८२व्या सेकंदाला पूर्ण उघडलेले असते. दुसरी गाडी ८५व्या सेकंदाला येऊ शकते. एकेका गाडीची चाचणी हजार वेळा घेतली तरी हा दोष दिसणार नाही. त्यावर उपाय म्हणून संवेदकापासून फाटकापर्यंतच्या टप्प्यात किती गाड्या आहेत ते नियंत्रकाने मोजावे आणि संख्या शून्य झाली तरच उघडण्याचा आदेश काढावा, असे कुणीही सुचवेल. उपाय बरोबर दिशेचा आहे, पण तो कसा अमलात आणला यावर सारे अवलंबून आहे. समजा, पहिली गाडी गेली, मोजणी शून्य झाली, उघडण्याचा आदेश ठरला पण अजून बाहेर पडायचा आहे, कारण त्याला ५ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. एका सेकंदाने दुसरी गाडी संवेदक ओलांडते. तिच्यासाठीचा ‘बंद कर’ आदेश लगेच निघतो, पण फाटक बंदच असल्याने वाया जातो. दोन सेकंदांनी आधीचा, शिळा झालेला ‘उघड’ आदेश बाहेर पडतो. फाटक उघडते आणि उघडेच राहते; गाडी येत असते. दोन आदेशांचा क्रम उलटा लागला असता तर काहीही बिघडले नसते.

थेराक-२५ मधल्या आठ सेकंदांचा आणि इथल्या पाच सेकंदांचा साचा एकच आहे. निर्णय घेण्याचा क्षण आणि तो अमलात येण्याचा क्षण यांच्यात फट राहते, आणि त्या फटीत जग बदलते. मर्लिनच्या जाळ्यात ही फट झाकून राहू शकत नाही. ‘उघडण्याचा आदेश’ ही घटना ० ते ५ अशा आकड्यांसह काढावीच लागते, आणि तिच्याकडे कोणत्या स्थानांतून बाण येतात हे दाखवावेच लागते. ‘टप्पा रिकामा’ या स्थानातले टोकन निर्णयाच्या क्षणीच उचलले जात असेल, तर चूक चित्रातच दिसते. दुरुस्तीही चित्रातच दिसते: ते टोकन आदेश प्रत्यक्ष निघेपर्यंत जागेवर राहू द्यावे. मध्येच दुसरी गाडी आली तर ती ते टोकन घेऊन जाते, उघडण्याच्या घटनेची अट मोडते आणि तिचे चालू घड्याळ रद्द होते. मग उरतो तो शेवटचा वाईट प्रसंग, फाटक उठू लागल्याबरोबर गाडी येण्याचा. फाटकाला अर्ध्यातून परतता येत नाही आणि ते पूर्ण उठल्यावरच ‘बंद कर’ आदेशाची ५ सेकंदे सुरू होतात असे धरले तरी ५, १२ आणि १२ मिळून २९ सेकंदांत ते पुन्हा बंद होते. ४५ च्या मानाने १६ सेकंद हाताशी आहेत.

हे आपण हाताने केले. पण ‘सर्वांत वाईट प्रसंग हाच’ हे कशावरून? माणसाला सुचलेले प्रसंग तपासणे म्हणजे सिद्धता नव्हे. अडचण अशी की वेळ सलग असते. गाडी ४५व्या सेकंदाला येईल, ४५.१व्या येईल, किंवा त्या दोहोंमधल्या असंख्य क्षणांपैकी कोणत्याही क्षणी येईल. स्थिती अनंत आहेत, मग त्या सगळ्या तपासायच्या कशा? १९८३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे बर्नार बेर्तोमिओ आणि मिगेल मेनाश यांनी याचे सुंदर उत्तर दिले. १९९१ मध्ये बेर्तोमिओ आणि मिशेल दियाज यांनी ते विस्ताराने मांडले. एकेक क्षण धरू नका, क्षणांचे वर्ग करा. टोकनांची मांडणी सारखी असलेल्या आणि एकाच घटनाक्रमाने गाठलेल्या सर्व स्थिती एकत्र घ्या, आणि उरलेल्या वेळेविषयी फक्त असमानता लिहा: ‘गाडी यायला कमीत कमी २८ सेकंद’, ‘आदेश निघायला जास्तीत जास्त ५’, ‘या दोन घटनांतले अंतर १२ पेक्षा अधिक नाही’. एखादी घटना घडली की जुन्या असमानतांवरून नव्या काढता येतात. जाळ्यातल्या टोकनांच्या संख्येला मर्यादा असेल, तर अशा वर्गांची संख्याही मर्यादित असते, असे सिद्ध होते. मग संगणक प्रत्येक वर्गाला भेट देतो आणि ‘फाटक उघडे, गाडी फाटकावर’ अशी मांडणी कुठे येते का ते पाहतो. आली तर तिथपर्यंतचा घटनाक्रम हाती पडतो. नाही आली तर त्या जाळ्यापुरती ती अशक्य ठरते. चाचणी काही क्षणांना हात लावते. ही रीत असंख्य क्षणांना एकदम हात लावते, आणि दोघींमधला फरक श्रमाचा नसून जातीचाच आहे.

या रीतीला गणितानेच घालून दिलेली सीमा आहे आणि ती स्वच्छ सांगायला हवी. वेळ नसलेल्या पेट्री जाळ्यात अमुक मांडणी कधी येईल का, या प्रश्नाचे उत्तर काढणारी रीत अस्तित्वात आहे, हे अर्न्स्ट मायर यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. वेळ आली की चित्र पालटते. मर्लिनच्या जाळ्यांसाठी अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे नील जोन्स, लॉरेन्स लँडवेबर आणि एडमंड लीन यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. ‘कमाल वेळ संपण्याआधी घडलेच पाहिजे’ या सक्तीमुळे जाळ्याला एखादे स्थान रिकामे आहे की नाही हे ओळखता येते, आणि अमर्याद टोकनांच्या जोडीला एवढे सामर्थ्य मिळाले की जाळे कोणत्याही संगणकाची नक्कल करू शकते; मग संगणकाविषयीचे न सुटणारे प्रश्नही त्याच्यासोबत येतात. म्हणून टोकनांना मर्यादा घालणे ही पडताळणीची पहिली अट आहे, आणि आपल्या फाटकाला ती जड नाही, कारण दोन रुळांवर मोजक्याच गाड्या मावतात. मर्यादा नसलेल्या जाळ्यांतही सक्ती कुठे चालू द्यावी म्हणजे प्रश्न सुटण्याजोगा राहील, यावर आजही काम चालू आहे. आयआयटी मुंबईतील एस. अक्षय यांनी ब्लेझ जनेस्त आणि लोइक हेलुए या फ्रान्समधील संशोधकांसह २०१६ मध्ये अशा काही जाळ्यांचे वर्ग दाखवून दिले आहेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी अभियंत्याचा: भरपूर चाचण्या घ्या, वेगवान प्रोसेसर बसवा, एवढी उठाठेव कशाला? याला मंगळावरून आलेले उत्तर आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले, आणि काही दिवसांतच त्याचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या, कमी अग्रक्रमाच्या कामाकडे एका सामायिक साधनाचा ताबा होता. मध्यम अग्रक्रमाच्या कामांनी त्याला बाजूला सारले, आणि त्या साधनासाठी थांबलेल्या उच्च अग्रक्रमाच्या कामाची मुदत टळली. मुदत टळल्याचे पाहून यंत्रणा स्वतःला नव्याने सुरू करी. हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही क्वचित डोकावला होता, पण पुन्हा घडवता न आल्याने त्याचा उलगडा झाला नव्हता. विशेष म्हणजे अग्रक्रम उलटा होण्याच्या या प्रकाराचे शास्त्र तेव्हा उपलब्ध होते. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच त्यावरचा उपाय सिद्ध करून मांडला होता, आणि यानाची दुरुस्तीही त्याच उपायाने, पृथ्वीवरून बदल पाठवून झाली. एक टोकन, तीन कामे आणि त्यांचे कालावधी एवढे जाळ्यात मांडले की हा प्रसंग शोधावा लागत नाही, तो यादीत आपणहून येतो. वेगवान प्रोसेसरबद्दल बोलायचे तर रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकातच दाखवले की अनेक प्रोसेसरांवर कामे वाटताना प्रत्येक काम थोडे जलद केल्याने सगळी कामे उशिरा संपू शकतात, कारण कामांचा क्रम बदलतो. टायलरमधले अपघातही हातांचा वेग वाढल्याने झाले होते. वेग वाढवणे हा वेळेच्या दोषांवरचा उपाय आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सिद्धता जाळ्याविषयी असते, यंत्राविषयी नसते. फाटकाच्या मोटारीला गंज चढला आणि १२ ऐवजी १५ सेकंद लागू लागले तर सिद्धता कागदावरच राहील. हे म्हणणे पूर्णपणे खरे आहे, आणि तरीही ते या पद्धतीच्या बाजूनेच जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. यंत्रणा एकदशांश सेकंदाच्या पटीत वेळ मोजत असे आणि ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नसल्याने प्रत्येक मोजणीत अत्यल्प चूक साठत जाई. सलग शंभर तास चालल्यावर ती सुमारे ०.३४ सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जाते. ही यंत्रणा सलग इतका काळ चालवली जाणार नाही, असे ती घडवताना गृहीत धरलेले होते. ते गृहीतक कुणा अधिकाऱ्यासमोर आकड्याच्या रूपात उभे नव्हते. प्रत्येक यंत्रणेत अशी गृहीतके असतातच. प्रश्न फक्त ती लिहिलेली आहेत की नाहीत एवढाच आहे. कालबद्ध जाळे ती लिहायला भाग पाडते. आपल्या फाटकाच्या जाळ्यावर ‘१२’ लिहिलेले आहे, म्हणून १२ ओलांडल्यास धोक्याची घंटा देणारा पहारा बसवता येतो. ‘४५’ लिहिलेले आहे, म्हणून उद्या त्या मार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर करायची ठरली तर कुणीतरी विचारते: आता गाडी २७.७ सेकंदांतच येईल, मग २९ सेकंदांच्या प्रसंगाचे काय? एकाच गाडीची चाचणी घेऊन पाहिली तर १७ सेकंदांत फाटक बंद झालेले दिसेल आणि नवी वेगमर्यादा सुरक्षित वाटेल. चूक फक्त त्या दुसऱ्या गाडीच्या प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग केवळ सिद्धतेला आठवतो.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: वेळेवर विसंबायचेच कशाला, कुलूपच ठेवा ना! भारतीय रेल्वेत सिग्नलशी जोडलेली फाटके याच तत्त्वावर चालतात. फाटक पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल मिळतच नाही. गेटमनला उशीर झाला तर गाडी थांबते, अपघात होत नाही. जिथे असे कुलूप बसवता येते तिथे ते बसवावेच, आणि थेराक-२५ चा पहिला धडाही हाच आहे. परंतु कुलूप वेळेला हाकलून देत नाही, ते वेळेचा प्रश्न दुसरीकडे सरकवते. सिग्नल लाल झाला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही; ब्रेक लागण्याच्या अंतराचा हिशेब करूनच सिग्नल उभारावा लागतो. दिलेला सिग्नल परत घेतला तर फाटक लगेच उघडू देता येत नाही, गाडी थांबली असेल किंवा निघून गेली असेल एवढा वेळ जाऊ द्यावा लागतो. आणि विमान, हृदयाचा पेसमेकर किंवा चालत्या मोटारीचा ब्रेक यांना ‘शंका आली तर थांबा’ हा पर्यायच नाही. कुलूप आणि घड्याळ हे परस्परांचे पर्याय नाहीत. कुलूप धोका लहान करते. जो धोका वेळेच्या हिशेबात उरतो, त्याला सिद्धता लागते.

चौथा आक्षेप आकाराचा. घटनांची संख्या वाढली की वर्गांची संख्या झपाट्याने फुगते, आणि संपूर्ण विमानाचे जाळे काढून तपासणे आवाक्याबाहेर जाते. हेही खरे आहे. पण संपूर्ण विमानाची पडताळणी करायची गरज नसते. जिथे दोन कामे एकाच साधनावर येतात, जिथे निर्णय आणि अंमल यांत फट आहे, अशा गाभ्याची करायची असते. थेराक-२५ चा घातक गाभा काही मोजक्या आज्ञांचा होता, पाथफाइंडरचा तीन कामांचा. शिवाय साधनेही सुधारत गेली. तुलूझचे ‘टीना’ हे सॉफ्टवेअर कालबद्ध जाळ्यांचे वर्ग काढून देते. शेजारच्या वाटेने, पुण्यात जन्मलेले राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी घड्याळे जोडलेल्या स्वयंचलित यंत्रांचा सिद्धान्त उभा केला, जो १९९४ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील उप्साला आणि डेन्मार्कमधील ऑलबोर येथे घडलेले ‘उप्पाल’ त्यावरच चालते. दोन्ही वाटांत देवाणघेवाण भरपूर आहे. जाळ्याची विशेष बाजू अशी की समांतर चालणारी कामे आणि त्यांच्यातली सामायिक साधने त्यात जशीच्या तशी दिसतात, आणि सिद्धतेत न मुरलेला सिग्नल अभियंताही ते चित्र वाचून ‘आमचे फाटक असे वागत नाही’ म्हणू शकतो.

तो अभियंता तिथे असणे अत्यावश्यक आहे, कारण काय सिद्ध करायचे हे गणित ठरवत नाही. ‘गाडी फाटकावर असताना फाटक कधीही उघडे नसावे’ एवढीच अट घातली, तर फाटक कायमचे बंद ठेवणारी यंत्रणा ती सहज पाळेल. मग रस्त्यावरचे लोक कंटाळून फाटकाखालून वाकून जातील आणि कागदावर सुरक्षित असलेली यंत्रणा प्रत्यक्षात माणसे मारेल. म्हणून जोडीला दुसरी अट हवी: टप्पा रिकामा झाल्यावर, मध्ये दुसरी गाडी आली नाही तर, फाटक १७ सेकंदांच्या आत उघडलेच पाहिजे. एक अट अनिष्ट घडू नये यासाठी, दुसरी इष्ट वेळेत घडावे यासाठी. कालबद्ध जाळ्यात दोन्ही विचारता येतात आणि दोन्हींची उत्तरे वर्गांच्या एकाच नकाशातून मिळतात.

यातून निघणारी मागणी अवास्तव नाही. ज्या यंत्रणेवर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिच्यात ‘एवढ्या वेळात होईल’ असे जिथे जिथे धरलेले आहे, तिथे तो आकडा लिहिलेला असावा, तो ओलांडला जातो का यावर पहारा असावा, आणि सगळे आकडे मिळून घातक मांडणी अशक्य करतात याची सिद्धता खरेदी करणाऱ्याने मागून घ्यावी. रुग्णालयाने, रेल्वेने, विमान कंपनीने यंत्र घेताना विजेच्या भाराचे प्रमाणपत्र पाहावे तसे हेही पाहावे. वेगमर्यादा वाढली, मोटार बदलली, आज्ञावलीची नवी आवृत्ती आली की सिद्धता पुन्हा करावी. जाळे आणि साधन तयार असले की ते काम दिवसांचे असते, वर्षांचे नसते. टायलरमधील चूक सापडायला दोन रुग्णांचे प्राण खर्ची पडले. ती दाखवू शकणारी मर्लिनची रीत त्याआधी बारा वर्षे प्रबंधात लिहून ठेवलेली होती, बेर्तोमिओंचे वर्ग तीन वर्षे आधी प्रसिद्ध झालेले होते. ज्ञान हाताशी असताना ते न वापरण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या निर्णयात कधीच कुणी विचारले नव्हते; म्हणून तो निर्णय यापुढे यंत्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये.